अर्ध्या तासातली जलेबी

वजन उतरवण्यासाठी जिममध्ये जाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला ‘कार्बचे घड्याळ’ नावाचा एक संदेश या हिवाळ्यात इंदूरमधल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर इतका फिरला, की मला तो एकाच आठवड्यात भाचीकडून, सोसायटीच्या ग्रुपवरून आणि जिममधल्या एका ज्येष्ठ सदस्याकडून असा तीन वाटांनी मिळाला. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. वजने उचलून झाल्यावर ३० मिनिटांच्या आत काहीतरी गोड पोटात गेलेच पाहिजे, नाहीतर स्नायू झिजू लागतात. आणि त्या अर्ध्या तासात खाल्लेले थेट स्नायूंत जाते, त्याची चरबी होत नाही. कर्बोदकांविना (कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर) घेतलेली प्रथिने वाया जातात. व्यायामाआधी मात्र कर्बोदकांना हात लावायचा नाही, कारण मग चरबी जळणे दिवसभर बंद होते. संध्याकाळी सातनंतर खाल्लेल्या पोळी-भाताची रातोरात चरबी होते. ज्या दिवशी व्यायाम नाही त्या दिवशी कर्बोदके शून्य. आणि हे सगळे मधुमेह्यांनाही जसेच्या तसे लागू. इंदुरी आवृत्तीत कोणीतरी पदरची भर घातली आहे: केळे नसेल तर दोन जलेब्या चालतील.

संदेश साफ खोटा असता तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून भागले असते. अडचण अशी की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे कुठल्यातरी खऱ्या प्रयोगाचा तुकडा आहे, आणि तो प्रयोग कोणावर, किती वेळच्या व्यायामानंतर व कशासाठी केला होता, तेवढेच नेमके वाटेत गळून पडले आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पन्नाशीनंतर, गुडघे कुरकुरू लागल्यावर, वजने उचलायला लागलो आणि दीड वर्षात नऊ किलोंनी हलका झालो. त्या काळात हे घड्याळ मीही काही महिने निष्ठेने पाळले होते, त्यामुळे पुढचे लिहिताना थोडा स्वतःवरचाही राग त्यात उतरला असेल.

“व्यायामानंतर ३० मिनिटांची खिडकी उघडी असते”

संदेशाचा सगळा डोलारा या अर्ध्या तासावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे. पोळीतले, भातातले, पोह्यांतले पिष्ट पचून त्याचे ग्लुकोज होते आणि त्यातला काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते: स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. व्यायामात स्नायू हा साठा खर्च करतात आणि नंतर भरून काढतात. ही भरपाई कशी होते हे १९६६ साली स्वीडनमधल्या योनास बेर्गस्ट्रम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी स्वतःच्याच पायांवर पाहिले. दोघांनी एकाच पायाने सायकल चालवून तेवढा पाय पार थकवला, दुसरा पाय विश्रांतीत ठेवला, पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदके खाल्ली आणि रोज सुईने दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. थकवलेल्या पायात विश्रांत पायाच्या जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन साठले. संदेश लिहिणाऱ्याने हा प्रयोग वाचला असता तर त्याला एक गोष्ट खटकली असती: रिकाम्या झालेल्या स्नायूची ओढ तीन दिवस टिकली होती, अर्ध्या तासात संपली नव्हती.

मग घाई आली कुठून? १९८८ साली अमेरिकेत जॉन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंकडून सत्तर मिनिटे कसून सायकल चालवून घेतली. त्यांना एकदा लगेच ग्लुकोजचे द्रावण पाजले, दुसऱ्या वेळी तेच दोन तास थांबून दिले. लगेच प्यायल्यावर ग्लायकोजेन ज्या वेगाने भरत होते, त्याच्या जवळपास निम्म्याच वेगाने ते उशिरा प्यायल्यावर भरले. प्रयोग चोख आहे, पण मोजमाप पहिल्या चार तासांचे आहे. ज्याला सकाळी शर्यत मारून दुपारी पुन्हा शर्यतीला उभे राहायचे आहे त्याच्यासाठी ते चार तास मोलाचे आहेत. ज्याला पुढचा व्यायाम परवा करायचा आहे त्याने १९९७ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग पाहावा: त्यात दोन तास उशिरा खाणाऱ्यांचे ग्लायकोजेन आठ तासांनंतर मोजले तेव्हा लगेच खाणाऱ्यांइतकेच भरलेले निघाले, आणि चोवीस तासांनंतरही तसेच.

शिवाय हे सायकलपटू होते. वजने उचलताना साठा किती रिकामा होतो? बाहूंच्या कर्लचे (कोपर दुमडून वजन उचलण्याचे) तीन दमदार सेट, म्हणजे सलग आवर्तनांच्या तीन फेऱ्या, मारल्यावर त्या स्नायूतले ग्लायकोजेन सुमारे २४ टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे. १९९१ सालच्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूंचे सहा सेट केल्यावर ते साधारण ३९ टक्क्यांनी उतरले. म्हणजे सर्वांत जास्त राबलेल्या स्नायूतही निम्म्याहून अधिक साठा शिल्लक राहतो आणि न राबलेल्यांना तर हातही लागलेला नसतो. आमच्या जिममध्ये पाऊण तास घालवणाऱ्या माणसाच्या त्या पाऊण तासातला पाव तास बाकावर बसून मोबाइल पाहण्यात जातो (मी स्वतःला यातून वगळत नाही). हा खर्च पुढच्या व्यायामापर्यंत साध्या वरण-भात-पोळीने बिनबोभाट भरून निघतो, वजन कमी करण्यासाठी थोडे कमी खात असलो तरीही.

स्नायू झिजण्याची भीती याहून वेगळी आहे आणि तिला वेगळे उत्तर आहे. रात्रभर काहीही न खाता पहाटे वजने उचलली, आणि नंतर दुपारपर्यंत उपाशी राहिलो, तर स्नायूंतल्या प्रथिनांची मोड त्यांच्या घडणीपेक्षा जास्त होत राहते. तेव्हा उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याने घरी आल्यावर न्याहारी लांबवू नये, हे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ती न्याहारी प्रथिनांची हवी. ब्रॅड शोनफेल्ड आणि अॅलन अॅरॅगॉन या संशोधकांनी २०१३ साली या तथाकथित खिडकीचा सारा पुरावा नव्याने तपासला तेव्हा, व्यायामाआधी दोन-तीन तासांत नीट जेवण झालेले असेल तर नंतरच्या मिनिटांची घाई करण्याला फारसा आधार सापडला नाही. दुपारी दीडला जेवून, साडेचारला चहाबरोबर मूठभर फुटाणे खाऊन सहाला जिममध्ये शिरणाऱ्याच्या रक्तात आधीच्या जेवणातली अमिनो आम्ले (प्रथिने पचून होणारे त्यांचे घटक) अजून फिरतच असतात.

“त्या अर्ध्या तासात खाल्लेले थेट स्नायूंत जाते, चरबी होत नाही”

रविवारी सकाळी जिममधून निघालो की आम्ही चौघे-पाच जण कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीशी थांबतो. खाली पाणी उकळत असते, वर वाफेवर पोह्यांचा पिवळा ढीग. गाडीवाला मुठीने पोहे उचलतो, त्यावर शेव, बारीक कांदा आणि जीरावण मसाला भुरभुरतो, शेजारच्या कढईतून जलेबी निघत असते. परवा आमच्यातल्या एका तरुण मुलाने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि मला गंभीरपणे म्हणाला, “काका, बावीस मिनिटं झाली. आता घ्या दोन, आत्ता घेतली तर लागत नाही.” त्याने स्वतः तीन घेतल्या. (महाराष्ट्रातले वाचक तिला जिलबी म्हणतील, इथे जलेबी म्हटले नाही तर गाडीवाला वळून पाहत नाही.)

त्या मुलाच्या वाक्यात अर्धे सत्य आहे. व्यायामाने आकुंचन पावलेला स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातले ग्लुकोज आत ओढतो, कारण त्याच्या पेशींतले ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर आलेले असतात, आणि त्यानंतरही कित्येक तास तो इन्सुलिनला अधिक चटकन प्रतिसाद देतो. तेव्हा जलेबीतली साखर बऱ्याच अंशी स्नायूंत जाईल, हे खरे. पण हिशेब तिथे संपत नाही. शरीराला दिवसभर इंधन लागतेच, आणि जितके ग्लुकोज बाहेरून आले तितकी चरबी कपाटात तशीच राहिली. मुळात माणसाच्या शरीरात कर्बोदकांपासून नवी चरबी फारशी तयारच होत नाही: १९८८ साली स्वित्झर्लंडमध्ये केविन अॅचेसन यांनी काही तरुणांना दिवसेंदिवस कर्बोदकांचा मारा केला तेव्हा, शरीराच्या दर किलोमागे सुमारे १५ ग्रॅम ग्लायकोजेन साठेपर्यंत चरबीची मोठी निर्मिती सुरू झाली नाही. म्हणजे ‘अर्ध्या तासात खाल्ले तर चरबी होत नाही’ हे वाक्य दिवसाच्या कोणत्याही अर्ध्या तासाला लागू पडते आणि म्हणूनच ते कुचकामी आहे. जलेबी चरबी होत नाही. ती आधीच असलेल्या चरबीला कामावर जाऊ देत नाही.

आता आकडे. १०० ग्रॅम जलेबीत साडेतीनशेहून अधिक कॅलरी सहज असतात. सत्तर किलोच्या माणसाने मधूनमधून विश्रांती घेत पाऊण तास वजने उचलली तर दीडशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. ज्याने खर्चापेक्षा दिवसाला चारशे कॅलरी कमी खाऊन तूट ठेवायची ठरवली आहे (एक किलो चरबीमागे सुमारे ७७०० कॅलरी धरल्या तर त्याला एक किलो उतरायला जवळपास एकोणीस दिवस लागतात), त्याने आठवड्यातून चार वेळा अशी जलेबी खिडकीतून आत घेतली तर आठवड्याच्या अठ्ठावीसशे कॅलरींपैकी निम्मी तूट तिथेच बुजते. आणि ते त्याला कळतही नाही, कारण संदेशाने ती जलेबी खात्यातूनच वगळली आहे.

घरी मी एकदा कोरडे पोहे काट्यावर तोलून पाहिले. माझ्या नेहमीच्या बशीला ६० ग्रॅम लागतात. त्यात साधारण ४५ ग्रॅम कर्बोदके आणि दोनशे दहा कॅलरी. दोन चमचे तेल नव्वद कॅलरी. वर मी सवयीने जी शेव टाकत होतो ती काट्यावर ३० ग्रॅम भरली, म्हणजे आणखी दीडशेच्या पुढे. पोह्यांना दोष देत होतो, आणि निम्मा कारभार शेव-तेलाचा होता. शेव दहा ग्रॅमवर आणली, पोह्यांबरोबर वाटीभर मोडाची मटकी आणि दही घेऊ लागलो, आणि घड्याळ काढून ठेवले. वजनाच्या उतरणीचा वेग त्यानंतर वाढला. कर्बोदकांची वेळ मी बदललीच नव्हती.

“कर्बोदकांविना प्रथिने वाया जातात”

हा दावा प्रथिनांची पावडर विकणाऱ्यांच्या काउंटरवर विशेष ऐकू येतो, कारण डब्याबरोबर दुसरा डबाही खपतो. तर्क असा: कर्बोदकांनी इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन अमिनो आम्लांना स्नायूंत ढकलते. इन्सुलिन स्नायूंची मोड थांबवते हे खरे, पण त्यासाठी थोडी वाढ पुरते आणि तेवढी वाढ प्रथिने स्वतःच घडवतात. दूध, पनीर, अंडी खाल्ल्यावरही इन्सुलिन वर जाते. २००७ साली नेदरलँड्समध्ये रेने कोपमन यांच्या गटाने वजनी व्यायामानंतर पुरेशा प्रथिनांत थोडी आणि भरपूर अशी दोन प्रमाणांत कर्बोदके मिसळून पाहिली; स्नायूंतल्या प्रथिनांची घडण तसूभरही वाढली नाही. २०११ साली कॅनडात २५ ग्रॅम व्हे (दुधाच्या निवळीतल्या) प्रथिनांबरोबर ५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन हे कर्बोदक देऊन हाच निष्कर्ष पुन्हा निघाला.

वजन कमी करताना स्नायू टिकवायचे असतील तर दिवसाची एकूण प्रथिने हा खरा प्रश्न आहे, आणि शाकाहारी मराठी घरात तो अवघडही आहे. २०१८ साली ४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात वजने उचलणाऱ्यांना दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होत राहतो असे दिसले. सत्तर किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. आपल्या ताटातली वाटीभर पातळ वरणाची पाच-सहा ग्रॅम, दोन पोळ्यांची सहा-सात ग्रॅम, अशी बेरीज करत गेले की दिवस संपतो आणि आपण साठाच्या आसपासच घुटमळत असतो. २०१६ साली कॅनडातल्याच एका प्रयोगात चाळीस तरुणांच्या आहारात चार आठवडे ४० टक्के तूट ठेवली आणि त्यांच्याकडून जबर व्यायाम करून घेतला, किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलोंनी उतरली आणि स्नायूंसह चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढले, तर १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोंनी उतरली व चरबीविरहित वजन जेमतेम टिकले. जितकी चिंता आपण केळ्याच्या मिनिटांची करतो तितकी सोयाबीनच्या वड्या, पनीर, दही, फुटाणे, खाणाऱ्यांनी अंडी यांच्या ग्रॅमांची केली असती तर बरे झाले असते.

“व्यायामाआधी कर्बोदके घेतली तर चरबी जळत नाही”

इथे ‘जळणे’ आणि ‘उतरणे’ या दोन क्रियापदांची गल्लत आहे. आधी केळे खाल्ले तर त्या तासाभरात शरीर चरबीऐवजी ग्लुकोज अधिक वापरते, हे कोणीही नाकारत नाही. पण उरलेल्या तेवीस तासांत ते उलटे फिरते. शोनफेल्ड यांनीच २०१४ साली वीस तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा तासभर एरोबिक व्यायाम करायला लावला; निम्म्या उपाशीपोटी करत, निम्म्या खाऊन. दोन्ही गटांचा आहार सारख्याच तुटीचा होता आणि शेवटी उतरलेल्या चरबीतही फरक आढळला नाही. व्यायाम वजनी नव्हता, हे सांगायला हवे. पण वजने उचलताना तर शरीर मुख्यतः ग्लायकोजेनवरच चालते, म्हणजे उपाशीपोटी ‘चरबी जाळण्याचा’ युक्तिवाद तिथे आणखीच लंगडा पडतो. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी २०१५ साली १९ स्थूल माणसांना रुग्णालयाच्या विशेष कक्षात ठेवून, तोलून-मापून जेवू घातले: कर्बोदके कापली तेव्हा चरबीचे ज्वलन ठळकपणे वाढले, तरी शरीरातली चरबी मात्र तेवढ्याच कॅलरी आहारातल्या तेला-तुपातून कापल्यावर अधिक उतरली. जळते ते सगळे उतरते असे नाही. काही आदल्या जेवणातलेच असते.

याच मुद्द्याची दुसरी बाजूही तितकीच अतिरंजित आहे, ती प्रशिक्षक मंडळींची: आधी ओट्स किंवा केळे घेतल्याशिवाय वजन उचलताच येणार नाही. २०२२ साली संशोधक मेनो हेन्सेलमन्स यांनी ४९ अभ्यास चाळून असे मांडले, की पोटात आधीचे जेवण असेल तर एका स्नायूगटाच्या दहा सेटपर्यंतच्या व्यायामात वाढीव कर्बोदकांनी ताकद वाढल्याचे दिसत नाही. सकाळच्या बॅचची गोष्ट थोडी निराळी. न्याहारी वगळल्यावर स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन मारलेल्या उठाबशांत) सुमारे १५ टक्के कमी रेप, म्हणजे आवर्तने, मारता आल्याचे २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने दाखवले होते. त्याच गटाने पुढच्या वर्षी एक गंमत केली: त्याच माणसांना एकदा नुसते पाणी, एकदा दाट खिरीसारखी कर्बोदकांची न्याहारी आणि एकदा तितकीच दाट, पण जवळजवळ कॅलरीच नसलेली लापशी दिली. खोट्या लापशीवरही त्यांनी खऱ्या न्याहारीवर मारले तितकेच रेप मारले. ताकद देणारी गोष्ट बरीचशी ‘पोटात काहीतरी आहे’ ही भावनाच होती.

तेव्हा सहाच्या बॅचला रिकाम्या पोटी जाऊन ज्याला तिसऱ्या सेटला गरगरते त्याने अर्धे केळे किंवा दोन-तीन खजूर खाऊन जावे; ज्याला काही खाल्ले की मळमळते त्याने काही न खाता जावे. दोघांची चरबी आठवड्याच्या बेरजेनुसारच उतरेल.

“संध्याकाळी सातनंतरच्या पोळी-भाताची चरबी होते”

आधी एक साधा प्रश्न. ज्याचा व्यायाम रात्री आठला संपतो त्याने काय करायचे? पहिल्या नियमानुसार त्याने साडेआठच्या आत कर्बोदके खाल्लीच पाहिजेत आणि या नियमानुसार त्यांना हातही लावता कामा नये. एकाच संदेशातली ही दोन वाक्ये एकमेकांना कापतात, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी निम्मे लोक तरी संध्याकाळच्या बॅचचे असतील.

सात वाजता शरीरात कुठलाही दिवा बदलत नाही. इस्रायलमध्ये ७८ स्थूल पोलिसांवर सहा महिने चाललेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने दिवसाची बहुतेक कर्बोदके मुद्दाम रात्रीच्या जेवणातच घेतली. त्यांचे वजन वाढले तर नाहीच, उलट दिवसभर विभागून खाणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक उतरले आणि भूकही त्यांनी कमी सांगितली. एका प्रयोगावरून मी सर्वांना रात्री भात खा असे म्हणणार नाही. संध्याकाळी शरीर ग्लुकोज सकाळपेक्षा काहीसे सावकाश हाताळते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना रात्रीच्या भल्या मोठ्या भाताने साखर चढलेली मीटरवर दिसते, हेही खरे आहे. परंतु ती रक्तातल्या साखरेची गोष्ट झाली. चरबीचा हिशेब त्याहून वेगळा.

या नियमाचा इंदुरी परिणाम मी घरातच पाहिला. माझ्या मोठ्या वहिनींनी दोन महिने सातनंतर पोळी सोडली. साडेसातला वाटीभर सूप, आणि मग रात्री दहा-अकराला पाहुणे, नातवंडे, कोणाचा तरी वाढदिवस, काहीतरी निमित्त होऊन सगळे सराफ्यात. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकाने चालतात आणि ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. रिकाम्या पोटी तिथे उभे राहून भुट्ट्याच्या किसाला, तळलेल्या गराडूला (हा एक कंद) आणि वर रबडीला नाही म्हणणे मला जमणार नाही, वहिनींनाही जमले नाही. त्यांचे वजन दीड किलोने वाढले. हल्ली त्या साडेआठला दोन पोळ्या, भाजी, वरण, दही असे स्वस्थपणे जेवतात. सराफ्यात अजूनही जातात. पोट भरलेले असल्याने एका बशीत भागते.

“विश्रांतीच्या दिवशी कर्बोदके शून्य”

हा नियम टिकून राहतो तो वजनकाट्याच्या जादूमुळे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. दोन दिवस कर्बोदके बंद केली आणि समजा चारशे ग्रॅम साठा रिता झाला, तर त्याबरोबर बाराशे ग्रॅम पाणीही जाते आणि काटा दीड किलो खाली दिसतो. तिसऱ्या दिवशी पोळी खाल्ली की ते सगळे परत येते, आणि माणूस पोळीला दोष देतो. चरबी या सगळ्यात जागची हललेलीही नसते. शिवाय स्नायूंची डागडुजी विश्रांतीच्या दिवशीही चालू असते, त्यामुळे संदेशाने चुकीचा दिवस निवडला आहे असे म्हणावे लागेल.

“मधुमेह्यांनाही हे लागू आहे”

शेवटच्या या ओळीमुळेच खरे तर मी लिहायला बसलो. आतापर्यंत ज्यांची चर्चा केली त्यांच्यासाठी कर्बोदकांच्या वेळा ही सोयीची बाब आहे. ज्यांच्यासाठी ती खरोखर महत्त्वाची आहे ते म्हणजे इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारख्या, स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण. आणि त्यांना या संदेशाने ‘आधी काही खाऊ नका’ असा सर्वांत घातक सल्ला दिला आहे. त्यांच्या रक्तातले इन्सुलिन व्यायामाकडे पाहून आपोआप कमी होत नाही, स्नायू ग्लुकोज ओढतच राहतात आणि साखर घसरते: कधी व्यायामातच, कधी कित्येक तासांनी, रात्री झोपेत. (नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असलेल्यांना हा धोका फार कमी असतो.) इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर मोजावी आणि ती दर डेसिलीटर रक्तामागे ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी रुळलेली वैद्यकीय सूचना आहे, औषधाची मात्रा आणि व्यायामाची वेळ यांचा मेळ मात्र स्वतःच्या डॉक्टरांकडूनच घालून घ्यायचा.

गेल्या महिन्यात आमच्या जिममधले एक साठीचे गृहस्थ, हा संदेश वाचून न्याहारी न करता पण सकाळची गोळी घेऊन आलेले, छातीचा दुसरा सेट संपवून बाकावर बसले ते उठेनात. कपाळावर थंड घाम, बोटे थरथरत होती, आणि काय होते आहे असे विचारल्यावर भलतेच उत्तर देत होते. कोणीतरी धावत जाऊन कोपऱ्यावरून जलेबी आणली. मी ती बाजूला ठेवायला सांगितली, कारण तळलेल्या पदार्थातले तूप पोटात साखर अडवून धरते आणि तिथे मिनिटे मोजायची होती. स्वागतकक्षातल्या चहाच्या सामानातून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला नावाने हाक मारली, मीटरवर ८२ आले, आणि मग त्यांच्या मुलाने घरून डब्यात आणलेली पोळी-भाजी त्यांनी तिथेच बाकावर बसून खाल्ली.